सुरतेच्या ताटाला जगाची वाइन

वाइनची चव घेणे आणि वाइन सुचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. चव घेणाऱ्याचा संबंध पेल्यापुरता असतो. सुचवणाऱ्याला मात्र पिणाऱ्याचे ताट, त्याच्या गावची हवा, त्याचा खिसा आणि त्याच्या राज्याचा कायदा एवढे सगळे पाहावे लागते. पुस्तकांत सापडणाऱ्या शिफारशी बहुतेक पॅरिस-लंडनच्या थंड जेवणघरांत बसून केलेल्या असतात. त्या तशाच उचलून तापीकाठी आणल्या तर निम्म्याअधिक फसतात. सुरत शहर या कामाची चांगली परीक्षा घेते. खाण्याचा एवढा शौक आणि तरीही वाइनची बाटली उघडपणे विकत मिळत नाही, असे मोठे शहर क्वचितच सापडेल.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाल्यावर महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांच्याही पदरात पडला. महाराष्ट्राने त्यात परवान्यांच्या वाटा काढल्या; इतक्या, की ‘वाइन शॉप’ अशी पाटी लावलेला दुकानदार दिवसभर व्हिस्की आणि रमच विकत बसतो. गुजरातने तो कडक ठेवला. सुरतेत आज बाटली बाळगायची तर प्रकृतीच्या कारणावरून मिळणारा परवाना लागतो, नाहीतर परराज्यातून आलेल्या पाहुण्याला थोड्या दिवसांसाठी मिळणारा. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत जाहीर झाली, तिचा सुरतेला उपयोग नाही. सुरतेहून भुसावळकडे निघालेल्या गाडीला वाटेत नवापूर लागते. ते स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, त्यामुळे फलाटाच्या एका टोकाला जे चालून जाते ते दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरू शकते. उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी कुटुंबांना ही सरहद्द पाठ आहे. तेव्हा सुरतकर वाइन चाखणार ती दमणला, नाशिकला, मुंबईला, नाहीतर लंडन किंवा न्यू जर्सीतल्या भावाच्या घरी. सुरती जेवण मात्र तो जाईल तिथे बरोबर नेतो, आणि शिफारस करायची ती या जेवणाकडे पाहून.

चारशे वर्षांपूर्वी सगळे उलट होते. सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते आणि युरोपची जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगर टाकत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये इथेच उतरला आणि अजमेरला जहांगिराच्या दरबारी गेला. बरोबर नेलेल्या नजराण्यांपैकी बादशहाला काय रुचते, हे त्याने लवकरच हेरले आणि ईस्ट इंडिया कंपनीला कळवले, की लंडनच्या जवाहिऱ्यांकडच्या उत्तमातल्या उत्तम दागिन्यापेक्षा थोडी तांबडी वाइन इथे जास्त कामाला येईल. त्यात वासाचे वर्णन नाही की द्राक्षाच्या जातीचा उल्लेख नाही. रोने पिणारा ओळखला, आणि वाइन सुचवण्याचे निम्मे काम तेवढ्यात होते.

उलटा दाखला टॉम कॉरियटचा. हा हौशी इंग्रज प्रवासी सिरियापासून अजमेरपर्यंत पायी आला होता. १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेला पोचला तो हगवणीने खंगलेल्या अवस्थेत. इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांकडे मायदेशाहून आलेली सॅक होती. सॅक म्हणजे स्पेनची कडक, सहसा गोडसर पांढरी वाइन, आजच्या शेरीची पूर्वज. कॉरियटने ती आनंदाने मागून घेतली, दुखणे बळावले आणि काही दिवसांत तो गेला. ही हकिकत रोच्या पाद्र्याने, एडवर्ड टेरीने, लिहून ठेवली आहे. वाइनमध्ये खोट नव्हती. ज्याला दिली त्याच्या पोटाकडे कोणी पाहिले नाही, एवढेच.

पुढच्या पिढ्यांनी या शहरात आपली पद्धत बसवली. १६८९ मध्ये आलेल्या जॉन ओव्हिंग्टनने इंग्रजांच्या वखारीतल्या पंगतीचे जे वर्णन १६९६ मध्ये छापले, त्यात इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी आहेत. पिण्याला रोजची म्हणून इराणातली शिराझची वाइन आणि अरकाचे पंच. युरोपची वाइन आणि इंग्लंडची बिअर महाग, म्हणून जिवापाड जपलेली. शिराझची वाइन बंदर अब्बासहून जहाजाने येई. तिला सुरतेचा प्रवास जवळचा होता आणि किंमत झेपणारी होती. रोजच्या जेवणाला जवळची वाइन आणि सणाला दूरची, हा त्या वखारीचा हिशेब आजही कोणाच्याही घरी चालण्यासारखा आहे.

शिराझ नावाचे काळे द्राक्ष आज जगभर लावले जाते आणि ते इराणातूनच पसरले, असे बरीच वर्षे समजले जाई. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याची जनुकीय चाचणी केली, तेव्हा आईबाप दोघेही आग्नेय फ्रान्सचे निघाले: द्युरेझा आणि माँद्यूज ब्लांश. म्हणजे ओव्हिंग्टनच्या पेल्यातली शिराझ आणि आजच्या बाटलीवरची शिराझ यांचे नाते फक्त नावापुरते. पण नव्या शिराझचे मळे सुरतेपासून दूर नाहीत. वांसदा, सापुताऱ्याचा घाट, हातगड, वणी आणि मग दिंडोरी अशा रस्त्याने एका दिवसात जाऊन येता येते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराजांचे सैन्य बागलाणातून याच मुलखात उतरले होते आणि वणी-दिंडोरीला मोगल सरदार दाऊदखानाशी त्यांची लढाई झाली होती. आता त्या माळांवर तारा आणि खांबांच्या रांगा उभ्या आहेत.

भारतीय वाइनची आजची गोष्ट सुरू झाली ती नाशिकच्याही आधी, पुणे जिल्ह्यात नारायणगावला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेजने तिथे शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली. १९९० च्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली, २००० मध्ये तिची पहिली वाइन आली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आणले. मग गंगापूर धरणाच्या अंगाने आणि दिंडोरी-निफाडकडे वाइनऱ्या वाढत गेल्या. अकलूजला फ्रातेल्ली आली. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांत ग्रोव्हर आधीपासून होतेच.

या भागात वेल थंडीने झोपत नाही, म्हणून त्याला कात्रीने वर्ष शिकवावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ती काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती घडासाठी. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, इथे जानेवारी ते मार्च. तोडणीच्या दिवसांत बागायतदार आधी मणी दाताखाली फोडतो, बी तपकिरी झाली का ते बघतो, साल चघळून तुरटपणा किती उरला ते जोखतो, आणि मगच रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून डोळा लावतो. २२ ब्रिक्स साखर म्हणजे साडेबारा-तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. फेब्रुवारीचे ऊन तापले की साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. म्हणून नाशिकच्या पांढऱ्या वाइन लवकर तोडलेल्या द्राक्षांच्या, तरतरीत आणि हलक्या असतात, तर काही तांबड्यांत हिरवट चव राहून गेलेली असते. या तांबड्यांची स्तुती जरा हात राखूनच करावी. पांढऱ्यांबाबत तेवढी सावधगिरी नको.

चव घेण्याची रीत अवघड नाही. पेला एक तृतीयांशाहून जास्त भरत नाहीत आणि दांड्याला धरतात, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघायचा: पांढरी वाइन वयाने गडद होत जाते, तांबडी फिकट होऊन विटकरीकडे झुकते. मग पेला फिरवून नाक आत घालायचे. शेवटी घोट तोंडभर खेळवून आंबट, गोड, तुरट, अल्कोहोलची ऊब आणि मागे रेंगाळणारी चव अशी एकेक बाजू तपासायची. पुष्कळ वाइन चाखायच्या असतील तर थुंकायचे. त्यात काही असभ्य नाही, न थुंकणाऱ्याच्या आठव्या पेल्यानंतरच्या मतावर कोणी विश्वास ठेवत नाही.

डोळा मात्र नाकाला फसवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा दिली, दुसऱ्यांदा त्यात चव नसलेला तांबडा रंग मिसळून. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. १९७६ मध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने पॅरिसला बाटल्या झाकून चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाची एक पांढरी आणि एक तांबडी पहिली आणली होती. लेबल वाचून चव सांगणाऱ्यांनी या दोन गोष्टी आठवणीत ठेवाव्यात.

वास सांगायला ब्लॅककरंट आणि गूजबेरीच हवी असेही नाही. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्ले नाही त्याच्यापुढे ते नाव घेऊन काय उपयोग? नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांकला हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि अर्ध्याकच्च्या पेरूच्या सालीचा वास येतो. यातली ढोबळी मिरची ही केवळ उपमा नव्हे: मिरचीत आणि त्या द्राक्षात पायराझिन नावाची एकाच कुळातली द्रव्ये खरोखर असतात. शिराझच्या मिरमिरीत वासामागचे रोटंडोन हे द्रव्य काळ्या मिऱ्यातही असते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये जाहीर केले. गेवुर्त्सट्रामिनरच्या वासात गुलाब आणि लिची. चांगल्या काबर्नेत जांभूळ असते, कच्च्या काबर्नेत जांभळाची बी.

सगळ्यांत गमतीची जोडी मेथीची. मेथीदाणे तव्यावर कोरडे भाजले की आधी कडवट आणि मग जळक्या साखरेकडे झुकणारा जो वास उठतो, तो मुख्यतः सोटोलोन या द्रव्याचा. हेच सोटोलोन जुन्या मडेरात, फ्रान्समधल्या ज्युराच्या व्हँ झोनमध्ये, मुरलेल्या शेरीत, सोतेर्न आणि टोकाई या गोड वाइनमध्ये तयार होते. युरोपी लेखक या वासाला अक्रोड, करी-मसाला, मध अशी नावे देत फिरतात. सुरती स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला ती मेथी एका हुंगण्यात कळते, आणि ज्या उंधियूत मेथीची मुठिया पडते त्याच्या शेजारी कोरडी मुरलेली शेरी ठेवली तर दोघांची ओळख आधीपासूनची असल्यासारखी जमते. युरोपच्या वाइन-पुस्तकांत ही जोडी सहसा सापडत नाही. ती सुचायला मेथी रोजच्या हातातली असावी लागते.

ताटाकडे वळण्याआधी हवेचा विचार. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला दगडी भिंतींच्या गार घरांतला आहे. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात खोलीत ३२-३३ अंश असतात आणि त्या तापमानाला कोणतीही तांबडी वाइन अल्कोहोलचा भपकारा सोडते, बाकीचे वास त्याखाली दबतात. म्हणून तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि टीका करणाऱ्याला करू द्यावी. पांढरी ८ ते १२ अंशांना, गोड वाइन त्याहून थोडी गार. अगदी बर्फगार केली तर वास मरतो, आणि तांबडीचा तुरटपणा जिभेवर खरखरतो.

आता ताट. सुरती जेवणात हिरवी मिरची, ओला लसूण, कोथिंबीर, ओले खोबरे, तीळ आणि शेंगदाणे भरपूर, तेल सढळ, आणि बहुतेक पदार्थांत साखर आणि लिंबू एकमेकांचा हात धरून येतात. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि तुरटपणाने जास्त बोचते. थोडी साखर ती शांत करते. यातून शिफारस जवळजवळ आपोआप ठरते: कमी अल्कोहोल, नगण्य तुरटपणा, चांगला आंबटपणा आणि गोडीचा एक कण. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट दर्जाची रीसलिंग या वर्णनात अचूक बसते. तिच्यात अल्कोहोल कित्येकदा ८-९ टक्केच असते. फ्रान्सच्या लुआर नदीकाठची अर्धगोड वुव्रे तितकीच योग्य. ती शेनँ ब्लांक द्राक्षाची, आणि नाशिकची शेनँ त्याच घराण्यातली. आयातकराने युरोपची साधी बाटलीही आपल्याकडे महाग होते, त्यामुळे रोजसाठी नाशिकची आणि सणाला मोझेलची, हा वखारीचा हिशेब इथे पुन्हा कामाला येतो. उंधियूचा मोसम आणि नाशिकच्या तोडणीचा मोसम एकच पडतो, हाही एक योग.

पोंक म्हणजे आपला हुरडा. हिवाळ्यात तापीकाठी तो कोवळ्या ज्वारीच्या कणसांतून भाजून काढतात आणि लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. त्याच्या हिरव्या, दुधाळ गोडीला सोव्हिन्यों ब्लांकच हवी. न्यूझीलंडच्या मार्लबरोची चालेल, पण ती जरा आरडाओरडा करते. लुआरची सांसेर किंवा नाशिकची लवकर तोडलेली जास्त समजूतदार. डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी मिळतात: चटणी लावलेली टोमॅटोची चकती बेसनात बुडवून तळलेली, वरून कुरकुरीत आणि आतून जीभ पोळवणारी. तळणाला फेसाळ वाइन जितकी जमते तितकी दुसरी कोणती नाही. फेस आणि आंबटपणा मिळून तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतात. त्यासाठी शँपेन उघडण्याची चैन नको, स्पेनची कावा किंवा दिंडोरीची ब्रूट पुरते. लोचो या वाफवलेल्या डाळीच्या पदार्थाला आणि त्यावरच्या तेल-शेवेला खारट, अगदी कोरडी फिनो शेरी.

तांबडीचा मामला अवघड आहे. तुरटपणा आणणारे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून तोंड कोरडे पडते. मांस किंवा चीज असेल तर टॅनिनला धरायला दुसरे काही मिळते आणि वाइन मऊ वाटते. शाकाहारी सुरती ताटात असे फारसे काही नसते. पापडी, कंद आणि सुरणाबरोबर इटलीची बारोलो किंवा बोर्दोची तरुण काबर्ने प्यायली, की फार उकळलेला कोरा चहा प्याल्याचा भास होतो. अशी शिफारस करणारे वाइनचे लेबल पाहतात, ताट पाहत नाहीत. तांबडी हवीच असेल तर बोजोलेची गामे, हलकी पिनो न्वार, व्हेरोनाकडची साधी व्हालपोलिचेल्ला. थोडी गार करून. सुरतेतल्या पारशी आणि खत्री घरांत मटण शिजते तिथे गोष्ट वेगळी. धनसाकला नाशिकची शिराझ चालते, ऱ्होन खोऱ्यातली सीरा त्याहून चांगली, आणि सल्ली बोटीच्या आंबटगोड रश्श्याला अर्जेंटिनाच्या मेंदोसाची माल्बेक.

गोड वाइनकडे मराठी-गुजराती पिणारा कानाडोळा करतो. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त, साखरी तांबडी वाइन चाखून बरेच जण या साऱ्या जातीवरच फुली मारतात. ती खऱ्या पोर्टशी फक्त नावाने जोडलेली आहे. वस्तुतः गोडाधोडाचा शेवट असलेल्या या जेवणात जगाच्या उत्तम वाइनना सगळ्यांत मोकळी जागा इथेच आहे.

वाइनमध्ये गोडी राखण्याच्या वाटा मोजक्याच. एक, द्राक्षातले पाणी घालवायचे. सोतेर्नला सिरों नदीच्या धुक्यात आणि हंगेरीच्या टोकाईला शरदातल्या ओलाव्यात बोट्रिटिस नावाची बुरशी पिकल्या मण्यांवर बसते, साल भेदते, आणि मणी सुरकुतून आत साखर, आंबटपणा आणि वास घट्ट होतात. एरवी हीच बुरशी बागायतदाराची वैरी. कॅनडात आणि जर्मनीत घड वेलीवरच गोठू देतात आणि उणे सात-आठ अंशांत पहाटे पिळतात. बर्फ मागे राहतो, घट्ट रस निघतो. इटलीत व्हिन सांतोसाठी घड वाळवतात. नाशिकमध्ये असे धुके नाही, बर्फ तर नाहीच. तिथे शेनँचे घड नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर ठेवून सुकू देतात आणि त्याची ‘लेट हार्वेस्ट’ करतात. दुसरी वाट पोर्टची: पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची दारू ओततात, किण्व मरते, साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाते.

यांपैकी कोणती कशाला, याचा एकच नियम बाळगण्यासारखा आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड असावी. नाहीतर ती आंबट पाणी लागते. सुरतेची घारी हा या नियमाचा कस पाहणारा पदार्थ. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सारे शहर मावा, पिस्ते, बदाम आणि तुपात बुडालेली ही मिठाई भुसू नावाच्या फरसाणासोबत खाते. १८५७ मध्ये तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी ती प्रथम केली, अशी दंतकथा सांगतात. घारीपुढे नाशिकची लेट हार्वेस्ट लंगडी पडते, सोतेर्नही तुपाखाली चेपली जाते. स्पेनची पेद्रो हिमेनेझ शेरी गोडीत घारीला हरवते, पण गोडावर गोड होऊन दोघेही जड होतात. पाच-सहा पुत्तोन्योशची (हे टोकाईच्या गोडीचे माप) टोकाई जास्त शहाणी, कारण तिच्या गोडीत धारदार आंबटपणा असतो. पहिला मान मात्र मडेराच्या बुआल किंवा माल्मसी या गोड प्रकारांना द्यावा. सुकामेव्याचा वास, भाजल्या साखरेची खोली, आणि तूप कापून नेणारा आंबटपणा, सगळे एका घोटात. वलसाडी हापूसच्या रसाला मात्र नाशिकचीच लेट हार्वेस्ट, आणि नुसत्या फळाच्या फोडींना इटलीची मोस्कातो द’आस्ती, जिच्यात अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या जवळपास असते.

मडेरा सुचवण्याला व्यवहारी कारणही आहे. उघडलेली फेसाळ वाइन एका दिवसात मरते, पांढरी-तांबडी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस तग धरते, सोतेर्न-टोकाई आठवडाभर, टॉनी पोर्ट महिनाभर. मडेरा कित्येक महिने राहते. अटलांटिकमधल्या त्या बेटावर ती मुद्दाम उष्णतेत मुरवतात, आणि ही युक्ती जहाजांनी शिकवली. हिंदुस्थानच्या वाटेवर विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या तळाशी शेकलेली पिंपे अधिक चवदार होतात, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढे नुसती चव यावी म्हणून पिंपे हिंदुस्थानपर्यंत फिरवून परत आणत आणि अशा वाइनला जास्त भाव मिळे. ज्या उष्णतेने दुसऱ्या वाइन बिघडतात तिच्यातून ती आधीच गेलेली असते, हवाही तिने पुरेशी खाल्लेली असते. म्हणून परवान्यावर वर्षात मोजक्याच वेळा बूच काढणाऱ्या घराला, किंवा दिवाळीला बाटली उघडून होळीपर्यंत पुरवणाऱ्या परदेशस्थ कुटुंबाला, तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. एक पेला म्हणजे साठ-सत्तर मिलिलिटर, त्यामुळे बाटलीत दहा-बारा जणांचे भागते. बाकीच्या बाटल्या आडव्या ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. मडेराची बाटली उभीच ठेवावी, कारण इतक्या आंबट आणि कडक वाइनमध्ये बूच झिजते.